कुंडीतला महापूर

सोलापुरात झाडं पाण्यावाचून मरतात, असा पुण्या-मुंबईच्या लोकांचा समज आहे. त्यांना दोष देता येत नाही. वर्षाकाठी साधारण 550 मिलिमीटर पाऊस, तोही त्याच्या मनात असेल तर. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. अशा गावात एखादं झाड वाळून गेलं तर त्याचा पंचनामा करायला कोण जातो? पण एकदा करून बघण्यासारखा आहे. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठल्याही गॅलरीतलं मेलेलं झाड कुंडीतून उपटा आणि मुळं बघा. काळी, बुळबुळीत, बोटाने ओढली की साल सुटून येते, आणि वास गटारीचा. म्हणजे मृत्यू तहानेनं झालेला नाही. झाड बुडून मेलेलं आहे.

दुष्काळी गावात झाडं बुडतात कशी, हे कळायला नळाचा दिवस बघावा लागतो. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून आपल्याकडं येतं आणि येण्यासाठी रात्री दोनची, पहाटे साडेचारची किंवा घरातले सगळे लग्नाला गेल्यानंतरची वेळ निवडतं. पाणी आलं अशी हाक गल्लीत गेली की माणसं झोपेतून उठून आधी काय करतात? भरलेली भांडी रिकामी करतात. चार दिवस अर्ध्या बादलीत आंघोळ करून, भांड्यांना ओझरती धार दाखवून वाचवलेलं पाणी नळाचा पहिला फुसकारा ऐकल्याबरोबर ‘शिळं’ होतं. शिळं पाणी गटारीत ओतायला सोलापूरकराचा हात धजत नाही. मग ते कुंडीत जातं. पिंपाच्या तळाचं, घागरीतलं, हंड्यातलं, कूलरच्या टाकीतलं, सगळं कुंडीत. तुळशीला दोन बादल्या, जास्वंदीला तीन. “पी बाबा पोटभर, आता परत चार दिवसांनी.” पुढचे चार दिवस थेंब नाही. ओला दुष्काळ आणि सुका दुष्काळ एकाच आठवड्यात सोसणारी ही कुंडी सरकारी मदतीला दोन्ही निकषांवर पात्र ठरावी.

झाडानं मात्र असा कोटा उचलायचं कधी कबूल केलेलं नसतं.

झाडं ऑक्सिजन देतात, हे आपल्याला इतकं पाठ आहे की त्यांनाही तो लागतो ही गोष्ट मनातच येत नाही. पान उजेडात अन्न तयार करतं. मुळाला ना उजेड, ना हिरवा रंग. ते वरून पाठवलेल्या साखरेवर जगतं, आणि साखर जाळून शक्ती मिळवायची तर ऑक्सिजन हवा. हा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून मिळतो. पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवा हद्दपार. पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. मूळ गुदमरतं, कुजायला लागतं, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे गळ्यापर्यंत पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं मान टाकतं. ते मालकाला दिसतं. शेजाऱ्यालाही दिसतं.

“काय बे, झाड असं कसं वाळलं?”

“पाणी कमी पडलं बघ.”

आणि आणखी एक तांब्या पडतो. आपल्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांतून सल्ला मिळतो, पण सल्ला एकच असतो: पाणी घाला.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाऊस पडून गेला की तो लगेच तिफण बाहेर काढत नाही, वाफसा यायची वाट बघतो. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, ढेकूळ मुठीत दाबलं तर फुटतंय पण हाताला चिकटत नाही, ही ती वेळ. मुळांना हवी असते ती हीच अवस्था. पण त्याच शेतकऱ्याचा मुलगा नोकरीसाठी शहरात येतो, टू बीएचके घेतो आणि वाफसा गावाकडच्या कपाटात ठेवून तांब्या हातात धरतो. वडील गॅलरीत आले आणि कुंडीत बोट घालून बघायला लागले तर सून म्हणते, “मामंजी, हात चिखलात कशाला घालता?” खरं तर अख्ख्या बागकामातली सर्वांत महागडी परीक्षा तेच करत असतात आणि फुकट करत असतात. बोट दोन पेरं मातीत घालायचं. ओल लागली तर तांब्या जागेवर ठेवायचा. कोरडं लागलं तर तळातून पाणी येईपर्यंत सावकाश घालायचं. याला अॅप लागत नाही, चार्जिंग लागत नाही, फक्त नखात माती जाते.

तळातून पाणी यायचं तर तळाला भोक हवं. या भोकानं सोसायट्यांत जेवढं वितुष्ट आणलं तेवढं पार्किंगनंही आणलेलं नाही. वरच्या कुंडीतला थेंब खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतो. चादर सोलापुरी असल्यामुळे तिला काही होत नाही, काकूंना होतं. मग मीटिंग, मग ठराव, मग भोकात एमसील. सोसायटीत शांतता नांदते आणि कुंडीत दलदल. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात तळं करवून घेतलं ते पाणी साठवायला. कुंडी हे तळं नव्हे. भोक उघडं ठेवा, खाली ताटली ठेवा, आणि ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासानं काढून टाका. काकूंशी संबंधही टिकतात आणि मुळंही.

आता मातीकडं येऊ. आपली माती काळी, दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली, कसदार, आणि तिचा आपल्याला अभिमान. त्यामुळे गावाकडं गेलेला माणूस परत येताना एसटीच्या टपावरून नाहीतर कारच्या डिकीतून वडिलार्जित शेतातली माती पोत्यात भरून आणतो. शेतात ही माती पाणी धरून ठेवते म्हणूनच आपण जगलो. पण शेताला खाली कित्येक हात खोली आहे. कुंडीला एक वीत. तिथं काळी माती ओली झाली की फुगून लोणी होते आणि वाळली की आकसून वीट होते. वीट झाली की कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट तळाला जातं, ताटली भरते, मालक समाधानानं म्हणतो, “झालं पोट भरलं.” मधला मातीचा गोळा मात्र कोरडा ठणठणीत. कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू, एवढं मिश्रण पुरतं. वरती दोन बोटं जाडीचा भुईमुगाच्या टरफलांचा थर द्या, म्हणजे ऊन थेट मातीला लागत नाही आणि ओल टिकते. ज्या गावात शेंगाचटणीवर माणसं पैजा लावतात, तिथं टरफलांची टंचाई पडायचं कारण नाही.

पाण्याच्या प्रेमातून झाड वाचलं, तर त्याला जेवणाच्या प्रेमाला तोंड द्यावं लागतं. खत म्हणजे झाडाचं जेवण, ही आपली पक्की धारणा. त्यात मोबाइलवर रोज एक नवी पाककृती येते. त्यामुळे कुंडीत चहाचा चोथा पडतो, तोही दूध-साखरेसकट. केळ्याची सालं, अंड्याची कवचं, तांदूळ धुतलेलं पाणी, आंबट ताक, हिंग, हळद. काही घरांत कुंडीला माणसांपेक्षा चौरस आहार मिळतो. दोन दिवसांनी तिथं चिलटं जमतात, मुंग्या रांग धरतात, आणि झाड त्या पंगतीत एकटं उपाशी उभं असतं. कारण यातलं बरंचसं कुजून, मातीतल्या जिवाणूंनी पचवून, पाण्यात विरघळल्याशिवाय मुळाच्या कामाचं नसतं. कंपोस्टच्या डब्यात टाकलं असतं तर दोन-तीन महिन्यांत सोनं झालं असतं.

झाड मातीतून जेवत नाही, हे शोधायला एका माणसाला पाच वर्षं लागली. बेल्जियममधला यान व्हान हेल्माँट. त्यानं 200 पौंड माती वाळवून, तोलून मोठ्या कुंडीत भरली, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं 169 पौंड आणि वर थोडं. माती परत वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी. म्हणजे सुमारे साठ ग्रॅम, एका वाटीभर शेंगदाण्यांपेक्षाही कमी. हे सगळं 1648 मध्ये, तो वारल्यानंतर प्रसिद्ध झालं. सोलापुरात हा प्रयोग झाला नसता. पाच वर्षांत त्या कुंडीत कुणीतरी कढीपत्ता खोवला असता, कुणी विड्यांचा चुरा टाकला असता आणि बोअरचं पाणी घालून वजनात क्षारांची भर घातली असती.

हेल्माँटनं निष्कर्ष काढला की झाड पाण्यातून बनतं. अर्धंच बरोबर होतं. गंमत म्हणजे ‘गॅस’ हा शब्द ज्यानं जगाला दिला, तोच माणूस झाड वायूतून बनतं हे ओळखायला चुकला. पुढं 1779 मध्ये यान इंगेनहाउस यानं दाखवलं की ऑक्सिजन सोडण्याचं काम फक्त झाडाच्या हिरव्या भागात आणि फक्त उजेडात चालतं. वाळलेल्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो. तुमच्या अंगणातला कडुनिंब म्हणजे मुख्यतः घट्ट केलेली हवा आहे. तेव्हा झाडाचा स्वयंपाक झाड स्वतः करतं. चूल पानात, सरपण सूर्याचं, पीठ हवेतलं. मातीकडून येतं ते पाणी आणि मीठमसाला. आपण मात्र मीठमसाल्यालाच जेवण समजून पोत्यानं ओततो.

या मीठमसाल्यात नत्र, स्फुरद, पालाश हे तीन मोठे. पाकिटावर 19:19:19 लिहिलेलं असतं ते या तिघांचं शेकडा प्रमाण. नत्र पानाफांद्यांसाठी, स्फुरद मुळांसाठी आणि वाढत्या कोंबांसाठी, पालाश एकूण तब्येतीसाठी आणि पाण्याच्या हिशेबासाठी. सगळं चिमटीनं. युरियाचा चमचा कुंडीत पडला की रात्रीतून पानांच्या कडा करपतात, कारण कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसं खारट झालेली माती मुळातलं पाणी बाहेर ओढून घेते. मालक काय करतो? करपलेल्या पानांवर अजून पाणी मारतो. बोअरच्या पाण्यानं कुंडीच्या कडेला जो पांढरा खर बसतो, तोही याच जातीचा त्रास. पावसाळ्यात एक-दोन चांगल्या सरी कुंडीतून वाहून जाऊ दिल्या की तो बराच धुतला जातो.

पान पिवळं पडलं की गल्लीतला प्रत्येक जण डॉक्टर होतो. कुणी औषध सांगतं, कुणी नजर काढायला सांगतं. रोग ओळखायची साधी रीत अशी: खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे. झाड जुन्या पानांतला नत्र काढून नव्या पानांना देतं; घरातली वडीलधारी माणसं करतात तेच ते करतं, फक्त बोलून दाखवत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. अशा वेळी लोखंडी खिळे पुरून उपयोग नाही. चिलेटेड लोहाची फवारणी करावी लागते. आणि वरखाली सगळीच पानं पिवळी, माती ओलीचिंब असेल तर खताच्या दुकानात जाऊच नका. बोट घाला.

आता उजेड. जाहिरातीत ‘इनडोअर प्लँट’ म्हणून मिळणारं झाड म्हणजे घराच्या आत उगवलेलं झाड, असा लोकांचा समज होतो. जगात कुठलंही झाड हॉलमध्ये जन्मलेलं नाही. ती जंगलातल्या सावलीतली झाडं, त्यांना थोडा उजेड चालतो, टीव्हीमागचा अंधार चालत नाही. अंधारात झाड उंच वाढतं आणि बघणारे कौतुक करतात, “काय वाढलंय!” वाढलेलं नसतं, ते उजेड शोधायला निघालेलं असतं. खोड बारीक, पानं लांब लांब, रंग फिका. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवर प्रयोग केले आणि 1880 मध्ये ते पुस्तकात छापले. कोंबाच्या शेंड्याला टोपी घातली की कोंब उजेडाकडं वळत नाही. उजेड जाणतो तो शेंडा, वाकतो तो खालचा भाग. कुठल्याही कचेरीत हा नियम पडताळून बघता येईल.

शेंड्याकडून खाली जाणारा तो निरोप म्हणजे ऑक्झिन हे संप्रेरक. शेंडा आहे तोवर ते बगलेतल्या डोळ्यांना डोकं वर काढू देत नाही. शेंडा खुडला की बंदी उठते आणि दोन्ही बाजूंनी फांद्या फुटतात. म्हणजे झाड डेरेदार हवं असेल तर नखानं शेंडा खुडायचा, एवढंच. पण आपल्याकडं झाडाला कात्री लावणं म्हणजे पाप. “जीव असतो हो त्यात.” असतो, म्हणून तर फुटतो. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर काढल्या नाहीत तर तुळस बी तयार करते आणि संसार आटोपल्यासारखी पानं गाळते. पूजा करणाऱ्या आज्यांनी मंजिऱ्या खुडून देवाला वाहण्याची जी चाल ठेवली, तिच्यामुळे किती तुळशी दोन-दोन वर्षं जास्त जगल्या असतील! मोगऱ्याचंही तेच. गड्ड्याची जत्रा संपली, थंडी ओसरायला लागली की मोगरा धीटपणानं छाटावा, पानं काढावीत. मार्चपासून जो कळ्यांनी भरतो, तो बघून छाटणीला विरोध करणारेच गजऱ्याला आधी हात पुढं करतात.

सोलापूरची दुपार हा स्वतंत्र विषय आहे. एप्रिलमध्ये दोन वाजता गॅलरीत डोकावलं तर जास्वंदीनं मान टाकलेली दिसते आणि घरात आरडाओरडा होतो. थांबा. झाड मुळातून जेवढं पाणी ओढतं, त्यातलं शेकडा 95 हून जास्त पानांवाटे वाफ होऊन उडतं. दुपारी उडण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा वाढला की झाड पानांवरची बारीक दारं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटून घेतं आणि मान खाली घालून बसतं. दुपारी एक ते चार बंद ठेवण्याची पद्धत फक्त पुणेकरांची नाही. संध्याकाळी सहाला ते आपोआप उठतं. न उठलं, सकाळीही मान खाली असली, तरच त्याला पाणी हवंय असं समजावं. कोरफड, निवडुंग, पानफुटी यांनी तर दिवसाचा व्यवहारच बंद ठेवलाय. ती रात्री दारं उघडून हवा आत घेतात, साठवतात आणि दिवसा दारं लावून आत अन्न करतात. गिरण्यांच्या या गावाला रात्रपाळीचं नवल वाटू नये. पश्चिमेच्या गॅलरीत एवढी तीनच झाडं ठेवली तरी शेजाऱ्यांवर छाप पडते. बाकीच्यांना पूर्वेचं सकाळचं ऊन आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली द्या.

झाडाला थोडं उपाशी ठेवलं की ते फुलतं, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं शिकवायला नको. 2005 साली डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आलं ते उगीच नाही. डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे आधी महिना-दीड महिना पाणी तोडायचं. त्याला ताण देणं म्हणतात. झाड पानं गाळतं, आतल्या साठ्याची जुळवाजुळव करतं, आणि पाणी सुटलं की एकदम फुलावर येतं. गॅलरीतली बोगनवेल याच स्वभावाची. रोज पाणी पिऊन ती हिरवीगार होते, चौथ्या मजल्यापर्यंत काटे घेऊन जाते, पण फुलत नाही. मालक तिला खत घालतो. ती आणखी काटे देते. पंधरा दिवस विसरा तिला. गावाला जा. परत याल तेव्हा गॅलरी गुलाबी असेल, आणि शेजारी विचारतील, “कुठलं खत घालता हो?”

सर्वांत जास्त सोलापूरकर फसतात ते टेम्पोपाशी. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांगच आहे. तिथल्या किंवा तसल्याच ठिकाणच्या शेडनेटखाली, कोकोपीटमध्ये, मोजून दिलेल्या पाण्याखतावर वाढलेली झाडं टेम्पोत भरून आसरा चौकात नाहीतर सात रस्त्याला उभी राहतात. प्रत्येक गुलाबाला पाच फुलं, सहा कळ्या. बाई घासाघीस करतात, टेम्पोवाला शपथा घेतो, व्यवहार होतो. त्याच संध्याकाळी ते झाड पिशवीतून काढून, कोकोपीट झटकून, मुळं मोकळी करून, शेतातल्या काळ्या मातीत बसवलं जातं आणि पश्चिमेच्या कठड्यावर ठेवलं जातं. आठवड्यात कळ्या गळतात. “फसवलं टेम्पोवाल्यानं!” फसवलेलं नसतं. सावलीत वाढलेल्या पानांना भर उन्हात उभं केलं आणि पाणी ओढणारी बारीक मुळं झटकताना तोडली. नवं झाड आणलं की आहे त्या पिशवीत आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, मग थोडं थोडं ऊन दाखवा, आणि संध्याकाळी मातीच्या गोळ्यासकट कुंडीत बसवा. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी चाळीस माणसांचा स्वयंपाक सांगू नये, एवढं आपल्याला कळतं.

हे सगळं कुंडीत जमत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जाऊन यावं. भौगोलिक मानांकन मिळालेली तिथली मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. पुढं पाऊस नसल्यातच जमा. नळ नाही, बादली नाही, ‘शिळं पाणी’ नाही. पावसाळ्यानं जमिनीत ठेवलेल्या ओलीवर ती जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी राहते, कणसं भरते, आपण हुरडा खातो आणि वर भाकरीही. तिचं मूळ पाण्यामागं दीड मीटर खोल जातं, कारण वरून कुणी तांब्या घालत नाही. ज्या झाडाला रोज वरच्या वर पाणी मिळतं, त्याचं मूळही वरच्या वर राहतं आणि एक दिवस चुकला की ते कोसळतं. ज्वारीच्या रानात शेतकरी कोळपणी करतो; वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुने लोक म्हणतात. 1933 पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन चाललंय ते याच प्रश्नावर: आहे ती ओल टिकवायची कशी. आपल्या कुंडीला तेवढं खुरपं दर आठवड्याला फिरवलं तरी पुष्कळ. मात्र हलक्या हातानं. खालची मुळं तोडायची नाहीत.

तर वाचकहो, सोलापुरात बाग करायची असेल तर सुरुवात सदाफुली, कोरफड आणि मोगऱ्यापासून करा. मेथी, पालक, कोथिंबीर थंडीत लावा. धने पेरण्याआधी रगडून दोन फाका करा आणि उगवलं का हे बघायला रोज उकरू नका, त्याला आठ-दहा दिवस किंवा थोडे जास्तच लागतात. उन्हाळ्यात नवं काही लावू नका, आहे ते वाचवा. पाणी सकाळी लवकर घाला, गरज असेल तेव्हाच घाला. पिंपातलं जुनं पाणी झाकून ठेवा, ते चार दिवसांत शिळं होत नाही. झाडाला ते नव्याइतकंच चालतं. एवढं करूनही एखादं झाड गेलंच, तर मनाला लावून घेऊ नका. माती उन्हात चांगली वाळवा आणि पावसाळ्यात दुसरं लावा. गुलाब मात्र एप्रिलमध्ये आणू नका.